जिन्यामागची भिंत

सार्डिनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या टेहळणी बुरुजाचा जिना कोसळला, तेव्हा ठेकेदार पिंतोरेनं भर चौकात बाकिझिओ गवंड्याकडे बोट दाखवलं. "दारू पिऊन काम करतो हा!" पुढे बाकिझिओला कुणी साधं कुंपणही बांधायला दिलं नाही. तो झुरून झुरून गेला.

त्याची मुलगी झुआन्ना वास्तुकला शिकली ती याच रागापायी. वीस वर्षांनी बुरुजाच्या दुरुस्तीचं काम तिनं मागून घेतलं. लेसर आणि रडारनं भिंती आतून-बाहेरून मोजून तिनं सगळा बुरुज संगणकावर उभा केला. गावाच्या सभेत तिनं तो पडद्यावर उघडून दाखवला. बापानं बांधलेल्या भिंतींत चुन्यात बसवलेला एकही दगड जागचा हलला नव्हता. जिना जिच्यावर टेकला होता ती जिन्यामागची भिंत मात्र आतून पोकळ होती, वर नुसता सिमेंटचा लेप. ती पिंतोरेनं स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सभा संपल्यावर म्हातारा पिंतोरे दारात आडवा आला. "पोरी, नातवंडं आहेत माझी गावात. एवढं पुसून टाक."

"मीही लहानच होते, काका," ती म्हणाली आणि त्या पोकळ भिंतीचं चित्र छापून तिनं पालिकेच्या दारावर चिकटवलं.

त्या रविवारी चर्चमध्ये पिंतोरेच्या बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. झुआन्ना मागे उभी राहून ते डोळे भरून पाहत होती.