टिलव्यांचा चिखल आणि माझा मुरूम

सैबेरियाहून आलेले चारशे पक्षी मी तीन दिवसांत बोरगावच्या तलावावरून हाकलून लावले, आणि तेही गोफण न वापरता. गोफणीने ते जमलेही नसते. त्यासाठी स्वच्छतेची आवड लागते. ती मला जन्मजात आहे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा हिवाळा असेल. आम्ही बोरगावला राहायचो आणि मी रोज बसने सौंसरला जायचे. तिथल्या दवाखान्यात मी नर्स होते. आमच्या ह्यांची बदली छिंदवाड्याला झालेली, त्यामुळे ते रविवारपुरते घरी. बाकीचे सहा दिवस घरात मी, सासूबाई आणि माझा धाकटा दीर मनोहर. मनोहर बी.एस्सी. होऊन दोन वर्षे घरात होता. म्हणजे नावालाच घरात. दिवस उजाडला की तो तलावावर जाऊन चिखलात बसायचा, आणि ऊन चढले की गुडघ्यापर्यंत तो चिखल घेऊन माझ्या नुकत्याच पुसलेल्या ओसरीवर यायचा.

"काय करून राहिला रे तू एवढ्या थंडीचा तिकडे?" सासूबाई विचारायच्या.

"टिलवे मोजून राहिलो, माय."

"किती भरले?"

"चारशे बारा."

"आन काल?"

"तीनशे नव्वद."

"म्हंजे बावीस पाव्हणे वाढले. त्यायले म्हणा, येतायेता एखादी नोकरी तरी आणा लेकहो!"

(सासूबाई पांढुर्ण्याच्या. त्यांनी फेकलेला शब्द चुकून बाजूला पडला, असे मी कधी पाहिले नाही.)

टिलवा म्हणजे चिमणीपेक्षा जरासा मोठा, करड्या रंगाचा पक्षी. वजन संत्र्याच्या दोन फोडींएवढे. एवढासा जीव दर हिवाळ्यात बर्फाच्या मुलखातून उडत आमच्याकडे येतो आणि उन्हाळा लागायच्या आत परत जातो. सोबत तुतारी, चिखल्या, शेकाट्या अशी आणखी मंडळी असायची. हे सगळे मनोहर जेवताना सांगायचा, आणि मी ते भाकरी थापता थापता ऐकायचे. म्हणजे ऐकायचे नाही.

पण त्या डिसेंबरात नागपूरहून पत्र आले. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांना मदतनीस हवा होता. मनोहर वर्षभर त्यांना आकडे पाठवत होता. त्यांनी लिहिले होते, 'मी स्वतः तलाव पाहायला येतो. तुमचे आकडे खरे असतील तर जागा तुमची.' इकडे मोहगावची एक मुलगी मनोहरला पसंत होती, मनोहर तिला पसंत होता. फक्त तिच्या वडिलांना 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'टिलवे मोजतो' हे उत्तर पसंत नव्हते. थोडक्यात, नोकरी आणि लग्न दोन्ही त्या चिखलात अडकले होते.

सरांना घेऊन यायला मनोहर तीन दिवस आधीच छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला गेला. कुठून तरी दुर्बीण उसनी मिळवायची होती. निघताना मला म्हणाला, "वयनी, सर तलाव पाहाले येऊन राहिले. तिकडे लक्ष ठेवजा जरा. सगळं ठीक पाह्यजे."

त्याला म्हणायचे होते की कुत्री लांब ठेवा, जाळी टाकू देऊ नका. पण मी सरकारी नोकरीतली बाई. साहेब येणार म्हटले की मुरूम टाकायचा आणि चुना मारायचा, हे मला पाठ होते. आमच्या दवाखान्यात एकदा औषधे नव्हती, तरी तपासणी झकास पार पडली होती. मुरूम चांगला होता!

मी त्याच दुपारी तलाव पाहायला गेले आणि अंगावर शहारे आले. काठाने घोटाभर काळा चिखल, त्यात म्हशींच्या खुरांचे खड्डे, शेवाळ, आणि वरून हे चारशे पक्षी त्यात चोची खुपसून फिरताहेत! नागपूरचा माणूस इथे रुतला तर मनोहरची नोकरीही तिथेच रुतणार.

मी तशीच गुलाबभाऊंकडे गेले. तलावाला लागून त्यांची संत्र्याची बाग होती.

"गुलाबभाऊ, तलावाचा गाळ पाहिजे का?"

"पाहिजे का म्हंजे? संत्र्याच्या बुडाशी गाळ टाकला तं झाड हात जोडते, बाई!"

"मग न्या. पण एक अट आहे. येताना टेकडीवरचा मुरूम आणून काठाला टाकायचा."

"मुरूम कायले?"

"साहेब येऊन राहिले."

"मंग बरोबर हाय," गुलाबभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार बैलबंड्या जुंपल्या. जाताना गाळ, येताना मुरूम. एकही बंडी एकही फेरी रिकामी गेली नाही! (हे मी नंतर कितीतरी लोकांना अभिमानाने सांगितले. आता सांगत नाही.) पहिली बंडी चिखलात उतरली तशी सगळी पाखरे एकदम उठली, तलावावर गोल फिरली, उन्हात चमकली.

"काय खूश दिसून राहिले नाई!" मी म्हणाले.

"मले तं ते शिव्या देऊन राहिल्यासारखे वाटते," गुलाबभाऊ म्हणाले.

संध्याकाळी थवा दिसेना. मी मनाला लावून घेतले नाही. दवाखान्यात फरशी पुसताना आपण पेशंटला बाहेर बसवतो, तसे ते बाहेर कुठेतरी बसले असतील. वाळले की येतील.

तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मुरूम चोपून घेतला. त्यावर दोन्ही बाजूंनी चुन्याच्या सरळ रेषा ओढल्या. गुलाबभाऊंना आता कामाचा जोर चढला होता. त्यांनी पुतण्याच्या लग्नातली लाल-पिवळी कनात आणून अगदी पाण्याला टेकून उभी केली. ती वाऱ्याने अशी फडफडायची की काठावरच्या म्हशीसुद्धा उठून गेल्या! वर डफडेवाल्यांनाही सांगून ठेवले. सासूबाई काठीच्या आधाराने पाहायला आल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सूनबाई, नवरदेव कोण हाय?"

चौथ्या दिवशी सकाळी मनोहर सरांना घेऊन आला. सर किडकिडीत, गळाबंद स्वेटर घातलेले. तलाव अजून वळणाआड होता. तिथे थांबून त्यांनी पिशवीतून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढले, दगडावर बसून घातले आणि मोठ्या तयारीने वळण ओलांडले. बूट मुरमावर खडखड वाजले. त्याच वेळी डफडी सुरू झाली.

सरांनी डावीकडे पाहिले. उजवीकडे पाहिले. मग खाली, बुटांकडे.

"चिखल कुठे आहे?"

"काढला, सर!" मी पुढे होऊन सांगितले. "सगळा काढला. एक घमेलंभरही ठेवला नाही!"

मनोहरने आधी डफडी बंद करायला सांगितली. अख्ख्या तलावावर एकच चिखल्या होता आणि तो चुन्याच्या रेषेवरून ओव्हरसियरसारखा येरझाऱ्या घालत होता.

"वयनी," मनोहर हळूच म्हणाला, "तो चिखल नोयता. ताट होतं त्यायचं. त्यात किडे, अळ्या राह्यतात. आखूड चोचीचा वरवरचे खाते, लांब चोचीचा खालचे काढते. एका ताटात जेवते पण कोणी कोनाचा घास घेत नाई. हे खाऊन चरबी चढते, तवा कुठं परतीचं उडणं होते. तुमी भरल्या पंगतीतून ताटं उचलले, वयनी."

"आन वरून जागा चोपून चुना मारला," आजही काठी टेकत आलेल्या सासूबाईंनी पुरवणी जोडली.

मनोहर मुरमावर फतकल मारून बसला. आता माझ्या डोक्यात उजेड पडला. चारशे बाराच्या भरवशावर आलेल्या माणसाला मी एक दाखवला होता, तोही तपासणी करणारा! पण चूक झाली की रडत बसायची मला सवय नाही. मी सरांसमोर उभी राहिले.

"सर, आकडे त्याचे खरे आहेत. घाण माझी आहे. म्हणजे, स्वच्छता."

"हाव साहेब," गुलाबभाऊ मध्येच बोलले, "पाखरं लय होते. मुंग्यावानी होते. आमची बंडी उतरली आन उडाले सारे."

"कोणत्या दिवशी? किती वाजता?" सरांनी विचारले. मग पिशवीतून एक छापील तक्ता काढून मनोहरसमोर धरला. "भरा."

"काय भरू सर? पाखरंच नाई तं."

"असलेले पक्षी मोजणारे मला पुष्कळ भेटतात. नसलेल्यांचे भरा."

मनोहर अर्धा तास लिहीत होता. मी एवढा वेळ शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरही कधी गप्प उभी राहिले नव्हते. शेवटी त्याने तक्ता दिला आणि पाण्याकडे बोट केले. "सर, बागांचे पंप सुरू हाय. रोज पाणी बोटभर उतरून राहिलं. पंधरा दिवसांत या मुरमाच्या पलीकडं, पाणी हटलं तिथं नवा चिखल उघडा पडते. कनात काढली तं टिलवे येतेत वापस. फक्त वयनीले सांगू नका कोणी, चिखल दिसून राहिला म्हणून."

सरांनी तक्ता वाचला. एका ठिकाणी थांबले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटले, थंडी असेल.

"पहिल्या तारखेपासून या," ते मनोहरला म्हणाले.

टिलवे बाराव्या दिवशीच परतले. मनोहरच्या लग्नाची तारीखही ठरली. मोहगावच्या व्याह्यांना आता 'मुलगा सरांकडे टिलवे मोजतो' असे सांगता येत होते, आणि 'सरांकडे' म्हटले की तेच काम नोकरी होते. ते खांदे थंडीने हलत नव्हते, हे मला मागाहून उमगले; माझ्या मनात मात्र एकच होते, की सर नेमके कशाला हसले? लग्नाच्या गडबडीत मनोहरच्या फायलीत मला त्या तक्त्याची नक्कल सापडली. 'पक्ष्यांना असलेले धोके' असा एक रकाना होता. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते:

मोकाट कुत्री, तीन. म्हशी, अकरा. माशांचे जाळे, एक. वहिनी, एक.

आणि पुढे शेरा: पहिले तीन आटोक्यात आहेत.