दुप्पट लांबीची रेघ

तात्रा पर्वतातल्या त्या वेधशाळेत एक जुना दंडक होता: जो आकाशाचा फोटो घ्यायची काच वाया घालवील, त्याने सगळ्यांसाठी बटाटे सोलायचे. ओतीलिया ह्रोन्त्सोवाने सव्वीस वर्षांत एकही बटाटा सोलला नव्हता, आणि त्याचा तिला केवढा तोरा! रात्री घेतलेल्या काचा दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आणि अंधुक धूमकेतू नेमके कुठे आहेत ते मोजायचं, हे तिचं काम.

एका हरवलेल्या धूमकेतूच्या मागे ती सात वर्षं हात धुऊन लागली होती. या डिसेंबरात तो दिसायला हवा होता. मग तो सूर्याआड जाणार, आठ वर्षांनी परतणार. ओतीलिया तर येत्या वसंतात निवृत्त होणार! त्यात तीन आठवडे ढग. उघाडीची एकच रात्र मिळाली, आणि सकाळी दुर्बिणीवरचा निरीक्षक वेंदेलीन मान खाली घालून आला.

"ओतीलियाताई, घात झाला. दुर्बीण धूमकेतूच्या चालीनं सरकवायची, तर मी चाक उलटं फिरवलं. दोन्ही काचांच्या वेळी."

चाक बरोबर फिरलं की ताऱ्यांच्या रेघा उमटतात आणि धूमकेतूचा ठिपका राहतो. इथे ठिपकाच नव्हता.

"वाया गेल्या. फेका त्या," प्रमुख डॉक्टर झातुरेत्स्की म्हणाले. "वेंदेलीन, बटाटे तुमची वाट बघताहेत."

"मोजल्याशिवाय काच फेकायची नाही, डॉक्टरसाहेब," ओतीलिया कडाडली. "पहिल्याच दिवशी तुम्हीच बजावलं होतंत."

"मग बसा रेघा मोजत, एवढी हौस असेल तर!"

ती बसली. मेंढीचं चीज लावलेला पाव तसाच वाळून गेला. सगळ्या रेघा सारख्याच लांबीच्या. दुपारी मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुर्बीण उलटी सरकली म्हणून ताऱ्यांच्या रेघा झाल्या. धूमकेतू तर तेवढ्याच वेगाने उलट दिशेला स्वतःही चालत होता. म्हणजे त्याची रेघ दुप्पट लांब हवी!

कोपऱ्यात, कुणी बघितलंच नसतं अशा जागी, ती सापडली. काचेवर श्वास सोडावा इतकी फिकट. ओरखडा तर नसेल? तासाभराने घेतलेली दुसरी काच तिने लावली. तिथेही तीच रेघ, तेवढीच लांब, जरा पुढे सरकलेली. ओतीलिया एकटीच हसली आणि मग हमसून रडली.

त्याच संध्याकाळी इतर वेधशाळांना त्या जागेची तार गेली. तिसऱ्या दिवशी केबलकारने उत्तराची तार आली: दोन परदेशी वेधशाळांना धूमकेतू सापडला, तिने सांगितलेल्या जागीच.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. वेंदेलीन बटाट्यांच्या ढिगापुढे बसला होता. त्याच्या हातातली सुरी आणि टोपलं उचलून तिने थेट प्रमुखांच्या टेबलावर आदळलं. वर तार ठेवली.

"'फेका त्या' असं कोण म्हणालं होतं?"

डॉक्टरांनी तार दोनदा वाचली. उठून तिला वाकून नमस्कार केला, मग बाह्या सरसावल्या. सगळी वेधशाळा दारात जमली.

"साल जाड निघतेय, डॉक्टरसाहेब," ओतीलिया म्हणाली. "नीट बघून सोला."