चिंगी जेवेना

आमची मांजर चिंगी चौदा वर्षांची. तीन दिवस ती दुधात चुरलेल्या कडक भाकरीजवळ यायची, वास घ्यायची आणि मागं फिरायची.

"वय झालंय तिचं, लई छळू नका आता," शेजारच्या काकू म्हणाल्या. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

आज सकाळी तिला पिशवीत घालून नळदुर्गला गुरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिचं तोंड उघडलं. एक दाढ हलत होती, हिरडी सुजली होती.

"काका, बैल घेताना पहिलं दात बघता की. हिचे बघितले का कधी?" डॉक्टरांनी मला विचारलं.

नव्हते बघितले.

त्यांनी औषध दिलं. दुपारी भाकरीचा पार लगदा करून ठेवला. चिंगीनं अर्धी वाटी चाटून संपवली. भूक तिला तिन्ही दिवस होतीच.

तुमचं म्हातारं जनावर जेवत नसेल, तर वयावर ढकलण्याआधी त्याचं तोंड बघितलंत का?