आधी आला तो आधी

माझ्या सुनेला घरात आम्ही ‘हवालदार’ म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बेकरीत एकजण रांगेत मध्ये घुसला, तर तिने त्याला दंडाला धरून मागे नेऊन उभं केलं. माझा मुलगा पावांकडे बघत राहिला.

चपलांच्या दुकानावरच्या एका लहानशा कचेरीत ती प्रोग्रॅम लिहायची. तिथे डोळ्यांच्या एका इस्पितळाचं काम आलं. नर्सने प्रत्येक रोग्याची तातडी ठरवायची आणि त्या क्रमाने पडद्यावर नावं यायची. चाचणीत सुनेला खोट दिसली. जास्त तातडीचा माणूस आधी जात होता, ते ठीक; पण सारख्याच तातडीच्या माणसांत मागून आलेला खुशाल पुढे जात होता.

“असं कसं गं?” मी विचारलं.

“आई, वरचं नाव काढलं की त्या जागी प्रोग्रॅम शेवटचं नाव उचलून ठेवतो आणि तातडी बघून खाली सरकवतो. तातडी सारखी असली तर सरकवतच नाही. शेंडेफळ बसलं डोक्यावर!”

“मग आल्याची वेळ लिही.”

“आणि दोन खिडक्यांवर एकाच क्षणी दोघं आले तर?”

म्हणून तिने प्रत्येक नोंदीला क्रमांक दिला. आधी तातडी बघायची, ती सारखी असली तर लहान क्रमांक आधी. पण पुढच्या चाचणीत नर्सने एकाचा फोन नंबर दुरुस्त केला आणि तो बिचारा थेट शेवटी गेला! दुरुस्ती करताना प्रोग्रॅम नवी नोंद करत होता, म्हणून क्रमांकही नवा. चूक तिचीच होती. त्या दिवशी तिने भाजी दोनदा खारट केली. दुसऱ्या दिवशी तिने क्रमांक असा बंद केला की नोंद जन्मताना तो मिळेल, पुढे वाचता येईल, पण कुणालाच बदलता येणार नाही.

इथे कचेरीचे मालक जागे झाले.

“बाई, बदलायची सोय ठेवा. इस्पितळाच्या विश्वस्तांच्या ओळखीची माणसं येणार.”

“त्यासाठी तातडी आहे ना.”

“अहो, त्यांना तातडी नसते!”

“मग त्यांना रांग आहे.”

“उद्यापर्यंत सोय झाली नाही, तर तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल.”

“बसू दे. फक्त तो रांगेत कितवा होता ते विचारून घ्या.”

घरी लसूण सोलता सोलता तिने हे सांगितलं. मुलगा म्हणाला, “थोडं नमतं घे ना.” तिने हातातली पाकळी त्याच्याकडे भिरकावली. सकाळी ती रिकामी पिशवी घेऊन गेली आणि संध्याकाळी आपला कप, स्वेटर आणि कुंडी घेऊन परत आली. इस्पितळाचं उद्घाटन तोंडावर आलेलं, तिच्या कामाला हात घालायचा धीर दुसऱ्या कुणाला झाला नाही. ते तसंच बसवलं गेलं.

आता ती मुलाखती देते. आधीची नोकरी का सोडली, असं विचारलं की म्हणते, “सोडली नाही, काढलं.” आणि का ते सविस्तर सांगते. दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणीही तेच सांगणार आहे.

परवा मी त्याच इस्पितळात डोळे दाखवायला गेले होते. खिडकीशी एक कडक इस्त्रीचे गृहस्थ ‘मला आधी घ्या’ म्हणून नर्सवर खेकसत होते. ती म्हणाली, “साहेब, क्रमांक मलाही बदलता येत नाही. तशी सोयच नाही.”

घरी येऊन सुनेला सांगितलं. तिने विचारलं, “तो तुमच्या आधी आला होता की नंतर?”

“नंतर.”

“मग बसू दे.”