हँडल माझ्या हातात

"म्हातारा बैल घाटात पळवू नका राव, ऊर फुटंल त्याचा," बाकावरचा एक शेतकरी म्हणाला. मंचरच्या गॅरेजात आमच्या जुन्या गाडीवरून वाद चालला होता.

दादाने लष्करी लिलावातून सुपरचार्जर आणला होता, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र. इतकं धावलेलं इंजिन त्याने फुटेल, असं बाबांचं म्हणणं. गाडी खेडचा घाट चढेना, म्हणून ते ती विकायला निघाले होते; दादाला ती ठेवायची होती. मी तिच्यावरच नुकती गाडी चालवायला शिकले होते. गॅरेजातही मीच आणली होती. तरी वादात मी खाली बघत उभी होते.

मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. कानामागची विझलेली विडी तो काढायचा, निरखायचा आणि परत ठेवायचा. कुणाचीच बाजू घेईना. शेवटी हात पुसून त्याने बॉनेटवर तळवा ठेवला.

"वय झालंय. पण दमलंय का, ते हाताला कळतं." गाडीच्या पुढून घालून इंजिन हाताने फिरवायचं हँडल त्याने माझ्यापुढे धरलं. "गाडी तुमी चालवता ना ताई? मग तुमीच फिरवा. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, उलटा झटका बसला तर मोडंल. चारातला एक सिलिंडर जरी ढिला लागला, तर यंत्र घरी न्या."

मी सावकाश फिरवलं. प्रत्येक सिलिंडर तितक्याच जोराने हाताला अडवत होता. खात्रीसाठी पुन्हा फिरवलं. सगळे माझ्याकडे बघत होते. एरवी मी खाली बघितलं असतं.

"चारही सारखेच घट्ट आहेत, बाबा," मी म्हणाले. "यंत्र बसवू या. घाट मी चढवते."