करमरकर आणि त्याचा रॉथ

मस्कतमधल्या आमच्या बौशरच्या ऑफिसात फाइलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात, आणि त्यातले निम्मे एकट्या करमरकरचे! हा बरीच वर्षं अमेरिकेत होता. पासपोर्ट तिकडचा, नोकरी इकडची. तिकडच्या रिटायरमेंट खात्यातले पैसे त्याला ‘रॉथ’ नावाच्या खात्यात वळवायचे, तिकडच्या भाषेत ‘कन्व्हर्ट’ करायचे होते. म्हणजे टॅक्स आत्ता भरायचा आणि म्हातारपणी पैसे बिनटॅक्सचे काढायचे.

*

घरी गेल्या गेल्या त्याने बायकोला सांगितलं, "मेधा, रिटायर झालो की आपल्याला रॉथ!"

वहिनी कुकर लावत होत्या. "रथ? आधी पार्किंगमध्ये गाडी नीट लावायला शिक!"

*

ऑफिसातल्या सालिमला काही कळेना. ओमानी माणूस, पगारावरचा टॅक्स त्याने कधी पाहिलेलाच नाही.

"टॅक्स मागितला कुणी?"

"अजून कुणीच नाही."

"मग?"

"मीच आपणहून भरतोय."

सालिमने हलव्याची प्लेट त्याच्यापुढे सरकवली. "खा. शुगर लो झाली असेल!"

*

टॅक्स त्या खात्यातूनच कापला, तर मागे वाढायला उरणार काय? म्हणून तो खिशातून भरायचं ठरलं. आम्ही राहतो त्या माबेल्याहून ऑफिसला करमरकरच्याच गाडीने येतो. ऐन जूनमध्ये एसी गेला.

मी म्हटलं, "अरे, दुरुस्त कर की!"

"ते पैसे टॅक्सला ठेवलेत."

मागच्या सीटवरून आमचा इंजिनीअर गायकवाड ओरडला, "टॅक्स अमेरिकेला आणि घाम आम्हाला!"

*

एकदा वळवले की पैसे माघारी फिरवता येत नाहीत. म्हणून बटण दाबताना त्याने मला आणि गायकवाडला साक्षीला बसवलं. फॉर्म तीनदा वाचला. चष्मा पुसला. देवाला नमस्कार केला. बोट खाली आणलं...

‘सेशन एक्स्पायर्ड!’

गायकवाड म्हणाला, "यल्ला, चल, आता पासवर्ड आठव!"

*

सगळी रक्कम एकदम वळवली, तर ती त्याच वर्षाच्या उत्पन्नात धरतात आणि टॅक्सचा दर चढतो. म्हणून दरवर्षी थोडी थोडी वळवायची. त्याची लेक सानिका, शाळेत सगळं इंग्रजीत, तिने पुण्याच्या आजीला फोनवर बातमी दिली, "आजी, बाबा कन्व्हर्ट होतोय! आत्ता थोडा, नेक्स्ट इयर थोडा!"

आजी म्हणाली, "बाबाला दे फोन."

करमरकरने फोन कानाला लावला.

"हे बघ, तुला मनापासून पटलं असेल तर माझी ना नाही. पण असं हप्त्याहप्त्याने कशाला? आणि नाव तेवढं बदलू नकोस. माझ्या फ्लॅटच्या नॉमिनेशनवर तेच आहे!"