भांडखोर आवाजाची वेबसाइट

निवेदनाचं काम मागायला गेलो, तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, "तुमचा आवाज भांडखोर आहे." तो राग अजून गेलेला नाही. मग घाटकोपरच्या माझ्या पडद्यांच्या दुकानात, कापडाच्या ताग्यांमध्ये बसून मीच मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. तिथे आवाज घुमत नाही. कापड घेताना घासाघीस कशी करावी ते सांगितलं आणि स्वतःच्या वेबसाइटवर टाकलं. कोणी ऐकतं की नाही, काहीच कळेना.

परवा एक बाई भाव ऐकून नुसत्या हसल्या आणि दाराकडे वळल्या. माझीच युक्ती!

"हे कुठे शिकलात?" मी खेकसलो.

"वेबसाइटवर एक काका सांगतात. तुमच्यासारखेच भांडतात, म्हणून तर पटतं."

मी भाव उतरवला. संध्याकाळी शटर ओढून पुन्हा ताग्यांत बसलो. आवाज जराही मऊ केला नाही.